बंबाने ढकललेली सीमा

भोंगा वाजला तेव्हा धाकटी नाकेदाराच्याच शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होती. संध्याकाळी सरहद्द आयोगाची माणसं फाटकावर येणार होती, म्हणून नाकेदार सकाळी जातीने लाँड्रीत येऊन बजावून गेला होता, "कॉलर अशी कडक कर पोरी, की मला मान वळवता आली नाही पाहिजे!"

भोंगा शाळेच्या गच्चीवरचा. एरवी तो रविवारी सरावापुरता वाजायचा, आणि आज काही रविवार नव्हता. धाकटीने इस्त्रीची पिन उपटली, शर्ट टेबलावर टाकला आणि दुकान सताड उघडं ठेवून धूम ठोकली.

गावात पगारी बंबवाले नव्हते. बंब होता, एकच, आणि तो इतका जुना की व्याकरणाची पर्वा न करता सगळे त्याला म्हातारी म्हणत. शाळेचे मास्तर तिचा पंप सांभाळत, बेकरीवाला आणि त्याचा भाऊ पाइप ओढत, आणि स्टिअरिंग धाकटीकडे असे. म्हातारीचा दुसरा गिअर पडायला मनगटाला एक खास हिसका द्यावा लागायचा. तो आधी धाकटीच्या वडिलांना जमायचा आणि त्यांच्यानंतर गावात फक्त तिला. बाकी ज्यांनी ज्यांनी प्रयत्न केला, त्यांचे खांदे आठवडाभर दुखले होते.

ती शेडमध्ये पोचली तेव्हा मास्तर हेल्मेटचा पट्टा बांधत उभे होते. "तुझ्या दाजींची वखार!" ते ओरडले. "गच्चीवरून दिसतंय सगळं. भुशाच्या ढिगाने पेट घेतलाय!"

धाकटी उडी मारून स्टिअरिंगपाशी बसली. वखारीला लागूनच तिच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. आणि वखार होती बाहेर.

बाहेर म्हणजे परदेशात. फार पूर्वी दोन देशांचं युद्ध होऊन तह झाला, तेव्हा हा सगळा मुलूख एका देशाला मिळाला. पण या गावच्या लोकांनी मोजणीदारांना ठणकावून सांगितलं, "आम्ही पलीकडच्या देशाचे, आम्हाला इकडे घेऊ नका." मोजणीदार दमलेले असावेत. त्यांनी हुज्जत न घालता गावाभोवती एक गोल काढला, गोलावर दगड रोवले आणि ते निघून गेले. तेव्हापासून गाव एका देशाचं आणि चहूबाजूंची जमीन दुसऱ्याची. नकाशावर माशी बसल्यासारखा तो एक ठिपका दिसे, म्हणून बाहेरची मंडळी गावकऱ्यांना 'ठिपकेकर' म्हणून चिडवत.

गावात येणारा रस्ता एकच, आणि त्यावर फाटक. गोलावरचे बाकी सगळे दगड शाबूत होते. फक्त रस्त्यावरचा दगड कुठल्याशा रुंदीकरणात उखडला गेला, आणि त्याची नेमकी जागा कोणती यावर दोन्ही सरकारं वर्षानुवर्षं भांडत होती. आता एकदाचा नवा तह ठरला होता. उद्या त्यावर सह्या व्हायच्या होत्या. त्यात लिहिलं होतं की आयोगाला रस्त्यावर फाटक जिथे उभं दिसेल, तिथेच सीमा कायम धरावी. वाद मिटला म्हणून दोन्ही राजधान्या खूश होत्या. गाव मात्र खूश नव्हतं, कारण त्याच तहात पुढे असंही होतं की यापुढे ये-जा करण्याचा परवाना फाटकावर मिळणार नाही, राजधानीतून आणावा लागेल.

धाकटीची ताई लग्न होऊन बाहेर गेली, ती फाटकापासून हाकेच्या अंतरावर. आतापर्यंत नाकेदाराकडून चिठ्ठी घेतली की रविवारची दुपार बहिणींना एकत्र काढता यायची. राजधानीचा परवाना म्हणजे वर्षातून एखादी भेट, तीही साहेबांच्या मर्जीवर. गेल्या रविवारी दोघी ते बोलायचं टाळून नुसत्या लोणच्याच्या बरण्या पुसत बसल्या होत्या.

म्हातारी शेडबाहेर पडली ती धूर ओकत. धाकटीने चौकात हिसका देऊन दुसरा गिअर टाकला, आणि बाजारातली माणसं दुभंगून दोन्ही कडांना झाली. "वखार! वखार!" बेकरीवाला मागच्या पायरीवर लटकून ओरडत होता. त्याच्या केसांत अजून मैदा होता.

रस्ता वळला आणि समोर धुराचा काळा लोळ दिसला. अलीकडे फाटक आडवं.

फाटक म्हणजे काही भक्कम प्रकरण नव्हतं. रस्त्याची कामं सतत चालायची, म्हणून नाकेदाराची चौकीच चार चाकांच्या गाड्यावर बसवलेली होती, आणि लाल-पांढरा दांडा त्या गाड्यालाच जोडलेला. नाकेदार बाहेरच्या देशाचा नोकर, वयाने वडीलधारा, आणि नियमाला असा पक्का की स्वतःच्या मेहुण्यालाही त्याने चिठ्ठीवाचून सोडलं नव्हतं. आत्ता तो बनियनवर होता, शर्ट लाँड्रीत होता ना! एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने तो म्हातारीला थांबण्याची खूण करत होता.

"काका, दांडा उचला!" धाकटी खिडकीतून ओरडली.

"परक्या देशाचं सरकारी वाहन आहे पोरी! वरून हुकूम लागतो. मघापासून फोन करतोय, सगळे साहेब आयोगाबरोबर गाडीत बसलेत, एक उचलत नाही!"

"तुमचा बंब कुठंय?"

"शहरातून निघालाय. पूल ओलांडून यायचा आहे."

पूल ओलांडून म्हणजे तोवर वखारीची राख. मास्तर तोवर खाली उतरले होते. "इथूनच मारू पाणी," ते म्हणाले. "पाण्याला कसला परवाना!" बेकरीवाल्या भावांनी भराभर पाइप जोडला, पंप खोकला, धडधडला आणि पाण्याची जाड धार दांड्यावरून उसळून परदेशात गेली. सगळ्यांनी माना उंचावून पाहिलं. धार वखारीच्या कुंपणापर्यंत पोचली आणि तिथेच रस्त्यावर कोसळली. कुंपणाला छान अंघोळ झाली. आग पलीकडे तशीच तडतडत राहिली.

धुरातून ताई दिसली. ती घराच्या भिंतीवर बादलीने पाणी मारत होती आणि दाजी गोणपाटाने भुसा झोडपत होते. वारा घराकडे वाहत होता.

"ताई!" धाकटी किंचाळली. ताईने मान वर केली. काय बोलली ते ऐकू आलं नाही.

धाकटीने म्हातारीचं इंजिन असं गुरगुरवलं की चौकीच्या काचा थरथरल्या. "काका, बाजूला व्हा. मी फाटक मोडून जाते. मग मला काय करायचं ते करा."

"मोडायचं नाही!" नाकेदार दोन्ही हात पसरून दांड्यासमोर उभा राहिला. "तुला कळत नाही. मागे तुमच्या कचरागाडीचं एक चाक चुकून बाहेर आलं होतं, तर दोन राजधान्यांत वर्षभर पत्रं फिरत होती. आज तू बंब घातलास तर उद्याचा तह बोंबलेल, तू तुरुंगात जाशील आणि मी घरी. फाटकापुढे तुमची गाडी येता कामा नये. हा नियम आहे, नियम..."

तो बोलता बोलता थांबला. त्याने चौकीच्या चाकांकडे पाहिलं. मग वखारीकडे. मग पुन्हा चाकांकडे.

"फाटकापुढे गाडी येता कामा नये," तो सावकाश म्हणाला. "पण रस्त्याच्या अडचणीप्रमाणे फाटक मागेपुढे घ्यायचा अधिकार नाकेदाराला आहे. कलमच आहे तसं." आणि एकदम त्याच्या अंगात वारं शिरलं. "अगं बघतेस काय! रस्त्याला यापेक्षा मोठी अडचण कोणती असणार? चाकांखालचे ठोकळे काढा रे! पोरी, बंबाचं नाक माझ्या चौकीला लाव आणि ढकल! मी सांगेन तोवर ढकल. पण फाटक पुढे आणि तू मागे, हे विसरू नकोस!"

कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. भावांनी चाकांखालचे लाकडी ठोकळे उपटले. नाकेदार चौकीत चढला, बनियनवरच टोपी घातली आणि दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. धाकटीने म्हातारीचा पुढचा लोखंडी बंपर हलकेच चौकीला टेकवला आणि क्लच सोडला.

चौकी कुरकुरली, हलली आणि निघाली. पुढे सीमा, मागे बंब! वर्षानुवर्षं दोन सरकारांना जी बोटभरही सरकवता आली नव्हती, ती डुगडुगत, खडखडत, नाकेदाराला घेऊन रस्त्याने चालली. खिडकीतून त्याची टेबलावरची कपबशी उडून फुटली. "चालू दे! चालू दे!" तो ओरडत होता. मागे गावातली निम्मी माणसं बादल्या घेऊन धावत आली होती, आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही की आपण चिठ्ठीशिवाय इतके लांब आलो आहोत. लक्षात येण्याचं कारणही नव्हतं. फाटक अजून पुढेच होतं.

धाकटीला हसू फुटत होतं, रडूही येत होतं. वखारीचं दार आलं, गेलं. ताईच्या घराचा ओटा गेला. घराच्या पलीकडच्या कोपऱ्यावर नाकेदाराने हात वर केला. "बस्स! इथे फाटक!" भावांनी पळत जाऊन ठोकळे लावले, आणि म्हातारी मागे येऊन वखारीच्या दारातून आत घुसली. स्वतःच्या देशात असल्यासारखी.

पुढचं सगळं धाकटीला नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवलं. भुशाच्या ढिगावर पहिली धार पडल्याबरोबर उठलेली वाफ. पत्र्याच्या छपराचे फट्फट् आवाज. ताईने धावत येऊन बंबाच्या दारातून तिचा हात धरला, ताईचा हात पोळला होता की नुसताच काळा झाला होता कळेना. "घर आधी!" धाकटी ओरडली, आणि पाइप घराच्या भिंतीकडे वळला. खिडकीची चौकट पेटायला लागली होती, ती विझली. तोच पंपाचा आवाज बदलला.

"टाकी संपली!" मास्तरांनी हाक दिली.

"हौद!" धुरातून दाजींचा घसा बसलेला आवाज आला. "ओंडके भिजवायचा हौद, करवतीच्या मागे! भरलेला आहे!"

हे दाजी म्हणजे ठिपकेकरांवर कायम डाफरणारे गृहस्थ. गावचा भोंगा रविवारची झोप मोडतो, म्हणून त्यांनी तीनदा तक्रार केली होती, आणि बायकोचं माहेर समोर दिसत असूनही आजवर फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. पण आता ते बेकरीवाल्याच्या भावाबरोबर पाइपचं दुसरं टोक खांद्यावर घेऊन हौदाकडे धावत होते. म्हातारीने हौदातलं हिरवं पाणी घटाघट ओढलं, आणि धार पुन्हा ताठ झाली. गावकऱ्यांनी बादल्यांची रांग धरली. कोणी फावड्यांनी भुसा पसरत होतं, कोणी सुक्या फळ्या उचलून रस्त्यावर टाकत होतं.

शहराचा बंब घणघणत आला तेव्हा ज्वाळा खाली बसल्या होत्या. छप्पर अर्धं गेलं होतं, पण करवत वाचली होती, ओंडके वाचले होते आणि घर उभं होतं. शहरी बंबावरचे जवान फाटकापाशी थांबले आणि बुचकळ्यात पडले. फाटक त्यांच्या तोंडासमोर, आणि आग फाटकाच्या आत.

"ही वखार आपल्या हद्दीत होती ना?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"होती," नाकेदार म्हणाला.

आणि त्यांच्या मागोमागच आयोगाच्या मोटारी येऊन थांबल्या.

आयोगाच्या प्रमुख एक उंच, पिकल्या केसांच्या बाई होत्या, तिसऱ्याच देशाच्या. त्यांच्याबरोबर दोन्ही देशांचा एकेक प्रतिनिधी आणि मोजणीची माणसं. बाईंनी धुराकडे पाहिलं, रस्त्यावरच्या ओल्या चाकांच्या खुणांकडे पाहिलं आणि मग नाकेदाराकडे. तो भिजलेला, काळाठिक्कर, बनियनवर टोपी घालून सावधान उभा होता.

"हे फाटक?" बाईंनी विचारलं.

खोटं बोलणं नाकेदाराच्या रक्तातच नव्हतं. "बाई, दुपारी ते तिकडे होतं, त्या वळणाच्या अलीकडे. मी ते पुढे घेतलं. का घेतलं ते दिसतंच आहे. भुसा आतून धुमसतो, आग पुरती विझायला उद्या उजाडेल. तोवर गावचा बंब हलवता येत नाही, आणि बंब आत आहे तोवर फाटक मागे नेता येत नाही."

"सह्या उद्या सकाळी आहेत," बाई म्हणाल्या. "मला खूण आज करायची आहे. आणि तहात लिहिलंय, फाटक उभं दिसेल तिथे."

बाहेरच्या देशाचे प्रतिनिधी उसळले. "म्हणजे आमची जमीन यांना द्यायची? एका आगीपायी?"

"मग पुन्हा वाटाघाटी करू," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणखी काही वर्षं."

प्रतिनिधींचा चेहरा पडला. ते बाजूला जाऊन फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलले आणि परत येऊन घसा खाकरत म्हणाले, "जमीनमालकाची हरकत नसेल तर आमची नाही. जळकी वखारच आहे ती शेवटी."

"मालक कोण?"

सगळे बाजूला झाले. दाजी पुढे आले. भुवया जळालेल्या, पायात एकच चप्पल. धाकटीने ताईचा हात धरला होता. दाजी काय बोलतील हे दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नसतं. माणूस हट्टी होता. त्याचं गिऱ्हाईक सगळं बाहेरचं, त्याची सगळी खुन्नस आतल्यांवर.

दाजींनी बाईंना विचारलं, "रेघ कुठून जाईल?"

मोजणीच्या माणसाने हाताने दाखवलं. फाटकापासून दोन्ही बाजूंच्या पहिल्या दगडांपर्यंत सरळ. घर पूर्ण आत. वखारीचं पुढचं दार आणि करवत आत. मागचं कुंपण आणि मागचं दार बाहेर.

दाजींनी डोळे बारीक करून ती न दिसणारी रेघ स्वतःच्या वखारीतून ओढून पाहिली. "म्हणजे ओंडके मागच्या दाराने बाहेरच्या देशातून येणार, करवतीवर आतल्या देशात चिरले जाणार, आणि फळ्या मागल्या दाराने पुन्हा बाहेर?"

"स्वतःच्या जागेत मालकाला परवाना लागत नाही," बाई म्हणाल्या. "तेही तहात आहे."

दाजींनी वळून मास्तरांकडे पाहिलं. "आणि तो रविवारचा भोंगा?"

"तो वाजणार," मास्तर म्हणाले. "त्यात तडजोड नाही."

"वाजायलाच पाहिजे!" दाजी एकदम गरजले. "चांगला मोठा वाजवा! आज नसता वाजला तर मी आत्ता कुठे असतो?" तोंड फिरवून त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. धूर फार होता, हे खरं. "माझी हरकत नाही बाई. ठोका काय ठोकायचं ते."

मोजणीच्या माणसाने फाटकाच्या दांड्याखाली, रस्त्याच्या मधोमध, पितळेचा जाडजूड खिळा ठोकला. प्रत्येक घावाला गावकरी ओरडत होते. शेवटच्या घावाला शहरी बंबवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मोजणीच्या माणसाने जागच्या जागी नवा नकाशा काढून दाखवला. गावाच्या गोल ठिपक्याला आता पुढे एक टोक आलं होतं.

"नाक्यापायी नाक आलं की गावाला!" बेकरीवाला म्हणाला, आणि हसण्याचा असा स्फोट झाला की आयोगाच्या बाईंना त्याचा अर्थ समजावून घ्यावा लागला.

ताई हसत नव्हती. ती चाकांच्या खुणा पाहत गावाच्या दिशेने उभी होती. "धाकटे," ती म्हणाली, "मी आत्ता तुझ्या घरी चालत आले, तर मला कोणी अडवेल का गं?"

धाकटीने नाकेदाराकडे पाहिलं. तो पाठ करून चौकीतल्या फुटक्या कपाचे तुकडे गोळा करत होता. "मी फक्त फाटक ओलांडणाऱ्यांना हटकतो," तो मागे न बघताच म्हणाला. "फाटकाच्या आतले लोक कुठे हिंडतात, हे माझं काम नाही."

ताई निघाली. आधी जपून, मग भरभर, मग चक्क धावतच. पुढे नाही फाटक, नाही चिठ्ठी. धाकटी तिच्यामागे गमबूट फटाफट आपटत. बाजारात लोकांनी हाका मारल्या, ताईने ओळखलं त्यांना नाव घेऊन उत्तर दिलं, नाही ओळखलं त्यांना नुसताच हात केला. चौकात ती चुकून डावीकडे वळली. आजवर ती घाईघाईने नेहमीच्या वाटेने यायची आणि तशीच परतायची, बाकी गल्ल्या बदललेल्या तिला कधी दिसल्याच नव्हत्या. धाकटीने तिला वळवलं नाही. "चल, आज सगळ्याच बघू," ती म्हणाली, आणि दोघी काळ्या तोंडाने, ओल्या कपड्यांनी, एकेक गल्ली पालथी घालत हिंडल्या. शिंप्याचं दुकान गेलं होतं, तिथे सायकली दुरुस्त होत होत्या. शाळेला वरचा मजला चढला होता. ताई प्रत्येक गोष्टीवर "अगंबाई!" म्हणत होती.

लाँड्रीचं दार तसंच सताड उघडं होतं. ताई आत येऊन टेबलावर बसली, पाय हलवत, लहानपणी बसायची तशी. तिने आजूबाजूला नजर फिरवली, कपड्यांचे ढीग पाहिले, भिंतीवरचे पोपडे पाहिले.

"किती पसारा घातलायस गं! उद्या येते आणि आवरून देते," ती म्हणाली. मग स्वतःच्या शब्दांवर दचकली. "उद्या येते," तिने पुन्हा म्हणून पाहिलं. "उद्या. आणि परवाही."